महिपतच्या होडीवरचे दिवे

महिपत माझ्या दुकानात पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात जुनी पेट्रोमॅक्सची बत्ती होती. ती त्यानं काउंटरवर ठेवली आणि मी काही विचारीन म्हणून वाट बघत उभा राहिला. मी विचारलं नाही. आरे-वारेच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला माडांना गुंडाळायला रंगीत माळा दाखवता दाखवता माझी सकाळ गेली होती आणि डोकं आधीच फिरलेलं होतं.

"बत्ती मेली," महिपत शेवटी स्वतःच म्हणाला. "रॉकेल मिळत नाय, बत्तीची जाळी मिळत नाय. होडीला एलईडी लावायचाय."

होडी आणि एलईडी हे दोन शब्द एकत्र आले की आमच्या रत्नागिरीत माणूस कान टवकारतो. समुद्रात मोठमोठे दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या बोटींवरून इथे कितीदा डोकी तापलेली आहेत. मी म्हटलं, "बाबा रे, तसल्या भानगडीत मी पडत नाही."

तो हसला. "कसली भानगड? दोन मानसांची होडी. मी नि बायको. खाडीतल्या खाडीत."

काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते, तिथून दोन वळणं आत महिपतची वाडी. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा जोर नसतो, पाणी संथ असतं. त्या दिवसांतल्या काळोखात हा नवराबायको होडी काढायचे. महिपत पुढे नाळेवर, म्हणजे होडीच्या टोकाशी, बत्तीच्या मागे उभा, हातात तीन दातांचा लोखंडी भाला. कमळावहिनी पार मागे, हातात लांब बांबू. ती बांबूनं होडी आवाज न करता पुढे ढकलणार आणि हा उथळ पाण्यात मासा दिसला की भाला मारणार. मासा दिसतो तिथे मारायचा नाही, चार बोटं खाली मारायचा, हे त्यानं मला पहिल्याच भेटीत शिकवलं. मी विचारलेलं नसताना.

माणूस तसा लाघवी. एकोणसाठ वर्षांचा, काटक, आणि आयुष्यात कुणाचं ऐकून घेण्याची सवय नसलेला. पंधरा वर्षं ट्रॉलरवर खलाशी होता, तिथे बोटीच्या तांडेलाशी, म्हणजे म्होरक्याशी, पटेना म्हणून उतरला. मग खाडी, होडी आणि बायको. खाडीला तोंड नाही आणि बायको बोलत नाही, म्हणून तिथे बस्तान बसलं, असं माझं मत. बत्तीवर मारलेले मासे सकाळी वहिनी पाटीत घालून बाजारात न्यायची. ते दोघांचं पोट.

पहिला दिवा मी त्याला पांढराशुभ्र दिला, पन्नास वॅटचा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. दुकानात लावून दाखवला तर महिपतनं डोळ्यांवर हात घेतला. "ह्यो खरा," म्हणाला. तिसऱ्या दिवशी दिवा परत.

"सगळी खाडी दुधासारखी दिसते. मासा काय दिसत नाय."

मी चिडलो, पण चूक माझीच होती. खाडीचं पाणी गढूळ, त्यात पांढरा उजेड मारला की तो धुक्यातल्या गाडीच्या दिव्यासारखा उलटा तोंडावर येतो. आंबा घाटात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरनं हे सांगितलं असतं. मी मात्र वीस वर्षं दिवे विकतो ना, मला कोण सांगणार. मग पिवळसर उजेडाचा दिवा मागवला आणि नाळेवर लोखंडी पाइप उभा करून तो उंचावर, तोंड खाली करून लावायला सांगितलं.

दोन दिवसांनी महिपत एक तांबोशी घेऊन आला. दीड किलोची असेल. काउंटरवर कागद पसरून ठेवली. "ताटात वाढल्यासारखा दिसतो रे मासा," तो म्हणाला. "तळाची चिंबोरी चालताना बघितलीय." मी सुखावलो. गिऱ्हाईकानं मासा आणून द्यावा असा धंदा मी तोवर केला नव्हता.

मग त्याला हाव सुटली, आणि खरं सांगायचं तर मलाही. एक दिवा पुढे आहे, मग दोन का नकोत? नाळेच्या दोन्ही बाजूंना काळोख राहतो, मग होडीच्या मध्याला डावीउजवीकडे एकेक का नको? महिपत मोबाइलवर परदेशातल्या कुणाकुणाच्या होड्या बघून आला होता. ते लोक धनुष्यबाणानं मासे मारतात आणि होडीला भोवती दिव्यांची रांग लावतात. "त्यांना कळत नाय काय?" तो म्हणायचा. मी कागदावर चित्र काढलं, चार दिवे मांडले, वायरी कुठून न्यायच्या ते ठरवलं. आठवडाभर आम्ही दोघं त्या होडीबद्दल असं बोलत होतो की ती जणू विमानवाहू जहाज.

चार दिवे लागले, आणि चौथ्या दिवशी महिपत पडलेल्या तोंडानं आला.

"काल कालवांच्या खडकावर चढवलीन होडी तिनं. ती पडली. पायाला पाच टाके. आता म्हनते, मी होडीत येनार नाय."

"घाबरल्या असतील," मी म्हटलं.

"घाबरनारी नव्हं ती. वय झालं. हाताला अंदाज ऱ्हायला नाय."

मी मान डोलावली. म्हटलं, "होतं असं, महिपतदा." या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

टाके निघाले, पाय बरा झाला, पण वहिनी होडीत बसेना. त्यानं सांगून बघितलं, रुसून बघितलं. ती स्वयंपाक करी, विचारलं तर उत्तर देई, पण होडीचं नाव काढलं की "मी येत नाय" एवढंच. एकट्यानं भालाही मारायचा आणि होडीही चालवायची हे जमणारं काम नाही. भांगाचे दिवस आले आणि चार दिव्यांची होडी वाडीच्या धक्क्याला बांधलेली राहिली. वहिनीची पाटी रिकामी. शेवटी महिपतनं मला गळ घातली, की दिव्यांतच काही खोट असेल तर तू येऊन बघ.

खोट आणि माझ्या दिव्यांत? मी त्याच संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं.

काळोख पडल्यावर आम्ही निघालो. बांबू मारायला मला येत नाही, म्हणून मी पुढे उभा राहिलो आणि महिपत वहिनीच्या जागी मागे गेला. दिवे लावले. काय सांगू, तळाची वाळू दिसत होती. एक पाकट मासा पंख हलवत वाळूतून उठला, तो मी डोळ्यांनी बघितला. मी म्हटलं, "महिपतदा, दिवे एक नंबर आहेत. डावीकडे घ्या, मोठी बोय मासळी आहे."

होडी डावीकडे गेली आणि जुन्या जाळ्याच्या खुंटावर धाडकन आदळली. मी गुडघ्यावर पडलो.

"दिसला नाय," महिपत म्हणाला.

पुन्हा निघालो. शंभर हात गेलो नसू, तोवर दुसरा खुंट. तिसऱ्या वेळी तर आम्ही सरळ काठच्या चिपीच्या खारफुटीत घुसलो, फांदी माझ्या गालाला लागली. ह्या खाडीत तो जन्मला, ह्या खाडीचा एकेक खुंट त्याला ठाऊक. मी रागानं मागे वळलो, आणि वळल्याबरोबर मला काहीही दिसेना. मधले दोन दिवे सरळ डोळ्यांत. त्यांच्यापलीकडे महिपत एका हातानं डोळ्यांवर आडोसा करून उभा होता आणि दुसऱ्या हातानं बांबू चाचपत होता.

त्यानं दिवे बंद केले.  मग काळोखातच तो होडी वल्हवत घराकडे निघाला.

वहिनी पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. माझ्या गालावरचं रक्त बघून तिनं आधी हळद आणून दिली. महिपत पायरीवरच बसला. पाय धुवायलाही उठला नाही.

"तुला मागनं काय दिसत नव्हतं काय गो?"

"नाय."

"मग बत्ती व्हती तेवा?"

"तेवा दिसायचं." ती परत सुपाकडे वळली. "बत्ती एक. तिच्या नि माझ्या मधी तुमी उभे. तुमची सावली माझ्यावर पडायची. तेवढ्या सावलीतनं मला पानी दिसायचं, खुंट दिसायचा. तुमी वाकलात की मी बांबू थांबवायची. तुमचा खांदा फिरला की होडी फिरवायची. तीस वर्सं तुमच्या पाठीकडं बघून चालवली मी होडी. आता चारी बाजूंनी उजेड. तुमची पाठच दिसत नाय."

महिपतनं पायरीवरून मान वर केली. 

"मग सांगायचंस," तो म्हणाला.

"सांगितलं की. पैल्याच दिवशी. डोळ्यांत येतंय म्हटलं. तुमी म्हनलात, सवय होईल."

"मी कुठं," महिपतनं माझ्याकडे बोट केलं. "ह्यो म्हनला, सवय होईल."

आणि खरंच म्हणालो होतो. चार दिवे लावल्याच्या दुसऱ्या दिवशी तो दुकानात हसत सांगत होता, बायको म्हणते डोळ्यांत येतंय. आणि मी वायर कापता कापता, मान वर न करता म्हणालो होतो, सवय होईल म्हणावं. पाइपाची उंची, दिव्याचा कोन, पाण्याचा रंग, बॅटरी किती तास चालेल, सगळ्याचा विचार मी केला होता. होडीत दुसरं माणूस आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि एकदाही माझ्या चित्रात ते माणूस मी काढलं नव्हतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमचा धंदा दिव्याचा, तुमाला काय बोलायचं." हे ऐकून मला आणखीच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं होडीवरचे चारही दिवे काढून घेऊन दुकानात आली. महिपत बाहेर स्टुलावर बसला, हे मी प्रथमच बघितलं. वहिनीनं शटर अर्धं ओढायला लावलं, दुकानातले सगळे दिवे मालवले आणि मला म्हणाली, "एकेक लावा. नि तुमी दिव्यापुढं उभे ऱ्हावा, माझ्याकडं पाठ करून." ती आत भिंतीशी जाऊन उभी राहिली. मी दिवे लावत गेलो आणि पाठ करून उभा राहत गेलो. तिनं घाई केली नाही. दोन वेळा पहिलाच दिवा पुन्हा लावायला लावला. शेवटी चारांतला एकच ठेवला, पिवळा, तोही कमी वॅटचा, नाळेवर मधोमध. त्याला मागून पत्र्याचं टोपण करून मागितलं. उरलेले मी परत घेतले.

पुढच्या भांगाला त्यांची होडी निघाली. वहिनी परत बाजारात पाटी घेऊन बसू लागली, म्हणून मला कळलं. पंधरा दिवसांनी महिपत बॅटरीचं पाणी बघायला आला. मी विचारलं, "काय, दिवा कसा आहे?"

"मासा कमी दिसतो रे," तो म्हणाला. "पैल्यासारखा नाय. दोन बाजूंचे तर गेलेच."

"मग थोडं वॅटेज वाढवून देऊ? टोपण तेच ठेवू."

"नको." त्यानं बॅटरी उचलली. "तिला दिसतंय, ऱ्हावू दे."