अण्णांचा ब्रेक

काल टीव्हीवर तो हायवेवरच्या अनोळखी माणसांचा जुना सिनेमा लागला. कॉलेजात असताना मी अण्णांना, माझ्या वडिलांना, तो नाशिकरोडला दाखवायला नेलं होतं. अण्णा निफाडची द्राक्षं मुंबईला न्यायचे. घाटाच्या उतारावर त्यांच्या ट्रकखाली एक सायकलवाला गेला, तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. तेवढाच जीव रमेल, असं मला वाटलं.

पडद्यावर ट्रक उताराला लागला आणि अण्णांचा उजवा पाय पुढच्या खुर्चीत रुतला.

"ओ काका, पाय काढा की!" पुढचा माणूस खेकसला.

"ब्रेक लागत नाय रे," अण्णा म्हणाले.

लोक हसले. मला लाज वाटली. मी एक खुर्ची सोडून बसले.

काल तो उतार येताच टीव्ही बंद केला. तेव्हा थिएटरच्या अंधारात अण्णा जीव खाऊन गाडी थांबवत होते, आणि त्यांची पोरगी उठून लांब बसली होती.