सॅम्युअलकाकांनी फोटो उलटा धरला

मंडळी, दुपारी देवळाली प्रवऱ्याहून परत आलो, तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाहीये.

सॅम्युअलकाका तिथले जुने रेडिओ मेकॅनिक. माझ्या छोट्या दुर्बिणीला लावलेला वेबकॅम त्यांनीच उघडला आणि सोल्डरिंग करून असा बदलला, की तो बराच वेळ प्रकाश साठवू शकेल. तीन हिवाळे आम्ही दोघं मृग नक्षत्रातल्या एका अंधुक तेजोमेघाच्या मागे होतो. लाल उजेडासमोर घोड्याच्या डोक्यासारखी काळी आकृती दिसते, तो. यंदा काका आले नाहीत, गुडघे दुखतात म्हणाले. मी मोबाईलवर फोटो पाठवायचो आणि ते फोन करून सांगायचे, "अजून फिका हाय. आनखी फ्रेम घ्या."

काल सगळ्या फ्रेम, म्हणजे एकेक सुटा फोटो, संगणकावर एकावर एक रचल्या आणि घोडा स्पष्ट आला. आज मोठा प्रिंट काढून घेऊन गेलो.

काकांनी तो उलटा धरला. त्यावर बोटं फिरवत म्हणाले, "मान लई झ्याक आलीय."

निघताना त्यांची बायको, मार्थाकाकू, फाटकापर्यंत आल्या. "काचबिंदूनं नजर गेली त्यांची, दिवाळीपासून. तुमचे फोटो मीच बघून त्यांना सांगत हुते. तुमाला बोलू नको म्हनले, न्हाईतर तुमी दुर्बीण गुंडाळून ठेवाल."

मोटारसायकल कोपऱ्यापर्यंत ढकलतच नेली, मग किक मारली.

रविवारी पुन्हा जाणार आहे. ज्यांना तो घोडा आता कधीच दिसणार नाही, त्यांना तो शब्दांत कसा दाखवावा? कुणाला सुचलं तर खरंच सांगा.