मैदान झाडल्याशिवाय सामना नाही

खानदेशात हटून बसणाऱ्या गोष्टी दोनच, एक वैशाखातलं ऊन आणि दुसरे माझे मामेसासरे. पैकी ऊन संध्याकाळी तरी उतरतं. मूळचे ते धुळ्याकडचे, पण केळीच्या नादानं नशिराबादला येऊन स्थिरावलेले. गाव त्यांना नाना म्हणे, मी मामा. ऐंशीच्या दशकात जळगाव-धुळ्याच्या बाजूला कुस्ती, कबड्डी, क्रिकेट, काहीही भरलं की मामा हजर असत; मात्र त्यांचं लक्ष खेळाकडे कमी आणि मैदानाकडे जास्त. लोक टाळ्या वाजवत तेव्हा हे वाकून लोकांच्या पायांतले कागद गोळा करत. ऐन उन्हाळ्यात क्रिकेटच्या मैदानावर टँकरनं पाणी मारताना पाहून त्यांनी पंचाला शांतपणे विचारलं होतं, ही खेळपट्टी दूध किती देते. धुळ्याला कुस्त्यांच्या फडात गदा जिंकलेल्या पैलवानाचं अभिनंदन करायला ते आखाड्यात उतरले आणि त्याच्या मोकळ्या हातात केरसुणी ठेवून आले. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून खांद्यावर गदा घेऊन त्या बिचाऱ्यानं अर्धा फड झाडून काढला. लग्नाला जाताना मामांच्या सदऱ्याच्या खिशात पितळी पेला असे. यजमानानं प्लास्टिकच्या ग्लासात सरबत दिलं की ते पेल्यात ओतून घ्यायचे आणि ग्लास त्याच्याच हातात परत ठेवायचे. त्यांच्यासोबत लग्नाला जाणं माझ्या बायकोनं, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भाचीनं, केव्हाच सोडलं होतं.

असं असताना जळगावात कबड्डीचे राज्य पातळीवरचे सामने भरले, तेही मेहरूण तलावाला लागून असलेल्या मैदानावर. संयोजन समितीचे अध्यक्ष होते कापडाचे एक व्यापारी. सगळे त्यांना शेठजी म्हणत. मामांची त्यांच्याशी तीस वर्षांची मैत्री; बाजाराच्या दिवशी दोघांचा चहा एकत्रच व्हायचा. समितीत मामाही होते, मीही होतो. जेवणासाठी थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे ग्लास आणायचं शेठजींनी सांगितलं, तेव्हा मामा उठून उभे राहिले.

"केळीच्या मुलखात पाहुण्याला थर्माकोलवर जेवू घालणार तुम्ही?"

शेठजींनी समजुतीनं घेतलं. बाहेरचे संघ येणार, पानावर वाढलं तर आपल्याला खेडवळ म्हणतील, असं ते म्हणाले. मामांनी उत्तर दिलं की खेडवळ म्हटल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत. मतं घेतली. मामांच्या बाजूनं एकच हात वर झाला, तोही त्यांचा स्वतःचा. मी त्या वेळी चष्मा पुसत होतो, हे कबूल करतो.

सामन्यांच्या पहिल्याच सकाळी मामा केळीच्या पानांची बैलगाडी घेऊन मैदानावर आले. स्वयंपाक्यानं पानं घेतली नाहीत. मामा तीन दिवस गाडीशेजारी बसून राहिले. पानं सुकली, मामा नाही. अंतिम सामन्याच्या दुपारी मात्र वारा सुटला आणि तीन दिवसांच्या उष्ट्या ताटल्या मैदानभर उडाल्या. पांढरीशुभ्र रांगच्या रांग तलावाकडे निघाली. कडेच्या पाण्यात धुणं धुणाऱ्या बायका धुणं तसंच टाकून बघत राहिल्या.

पाच वाजता दोन्ही संघ मैदानात उतरले. शिट्टी व्हायच्या आत मामा चालत गेले आणि मधल्या रेषेवर मांडी घालून बसले. पंचांनी समजावलं, पोलिसानं दरडावलं, प्रेक्षकांनी हुर्यो केली. शेठजी घामाघूम होऊन धावत आले, माझी अब्रू घालवू नका म्हणाले. मामा रागावले की त्यांना धुळ्याकडची बोली येई. तलावातल्या सगळ्या ताटल्यांकडे हात करून ते म्हणाले,

"हाई बठ्ठं आपलंच शे. ते उचला, मंग खेळा. तोवर मी उठाव नही."

कोणीतरी ओरडलं, म्हाताऱ्याची पकड करा. पाहुण्या संघाचा एक दांडगा चढाईपटू खरोखरच पुढे झाला. मला वाटलं, आता मामांना पोत्यासारखं उचलतो. त्यानं मामांच्या पायांना हात लावला आणि तलावाकडे चालू लागला. मागोमाग त्याचा संघ गेला, मग आपला गेला, मग मला लाज वाटली आणि मीही धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरलो. सामना दीड तास उशिरा सुरू झाला आणि दिव्यांच्या उजेडात कसाबसा संपला.

पुढच्या वर्षी समितीच्या यादीत मामांचं नाव नव्हतं. बाजाराच्या दिवशीचा चहाही थांबला. मामा तरीही दर वर्षी बिनबोलावता जात राहिले, कधी पानं घेऊन तर कधी मातीचे माठ घेऊन, आणि दर वर्षी निदान एकदा तरी सामना अडवत राहिले. ताटल्या काही बंद झाल्या नाहीत. एकदा मी म्हटलं, मामा, एवढं करून बदललं काय? ते म्हणाले, "मी नाही बदललो, हे थोडं आहे का?"

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मामा गेले. अंत्ययात्रेला शेठजी आले होते, गर्दीच्या अगदी शेवटी. त्या हिवाळ्यात सामन्यांच्या वेळी ते माझ्या शेजारी बसले होते. पाचाच्या ठोक्याला शिट्टी झाली आणि पहिली चढाई निघाली. शेठजींनी घड्याळ पाहिलं.

"वेळेवर सुरू झाला," ते म्हणाले, एखाद्यानं वाईट बातमी सांगावी तसे.