दोरीचं दुसरं टोक

नारायणगावात मीना नदीत पोहणारा आता मी एकटाच उरलोय आणि गावाला ते बघवत नाही. पुलावरून जाणारे जीपवाले मुद्दाम हॉर्न मारतात. "ओ सर, खरूज हुईल," असं वरून ओरडणारे तेच, जे चिकनच्या दुकानातला कचरा पिशवीत बांधून त्याच पुलावरून खाली सोडतात. बंधाऱ्याला ढापे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, टाकल्या की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, माणूसभर खोल होतं आणि बऱ्यापैकी नितळ राहतं. तिथं मी रोज शाळेत शिकवायला जायच्या आधी अर्धा तास पोहतो. तीस वर्षं झाली.

पोहायला बापानं शिकवलं. त्याच्या लहानपणी आमच्या लोकांना गावच्या विहिरीत उतरू देत नसत, म्हणून तो नदीत शिकला आणि मलाही त्यानं नदीतच ढकललं, कमरेला दोरी बांधून. दुसरं टोक त्याच्या मुठीत. "नदीला काय कुनाचं कुलूप न्हाई," म्हणायचा. बाप भोळा होता.

बंधाऱ्याच्या वर ज्याचा टोमॅटो आहे, तो लहानपणी माझ्याच वर्गात होता. पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठची जमीन आणि पठ्ठ्याला पोहता येत नाही. सहा वर्षांपूर्वी त्याची मोटर पाणी ओढेना. ही पाण्यात बुडवायची मोटर, नदीच्या तळाशी ठेवलेली. तिच्या जाळीत जलपर्णीची मुळं आणि प्लास्टिक अडकलं की पाणी बंद. मी पोहत होतो. त्यानं काठावरून हाक मारली, "मास्तर, तेवढं बघतो का?" मी म्हटलं, बटण बंद कर आणि दोरी आण. दोरी मी कमरेला बांधली, टोक त्याच्या हातात दिलं, बुडी मारली आणि जाळी साफ करून दिली.

झालं. मग काठावरच्या सगळ्यांनाच मी सापडलो. सुट्टीचा दिवस बघून निरोप यायचा आणि मीही मोठ्या मानानं जायचो, खोटं कशाला सांगू. बरं वाटायचं. चहा यायचा. बाकीचे काचेच्या ग्लासात प्यायचे, मला कागदी कप. मी ओला असतो म्हणून असेल, अशी मीच माझी समजूत काढली. इतका शिकलासवरलेला माणूस, पण अक्कल कुठं गहाण पडली होती कुणास ठाऊक.

पुढं काठावरच्या केबली चोरीला जायला लागल्या. आतल्या तांब्यासाठी नेतात. तेव्हा या लोकांनी शक्कल काढली, की केबल पाण्याखालून न्यायची आणि वर दगड ठेवायचे. दगड कुणी ठेवले? मीच. एकेक केबल तळाशी दाबून आलो. हात सोलपटले होते.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या वर्गमित्राची पाण्याखाली दाबलेली तीही केबल गेली. काठावर तोडली होती आणि गाडीला लावून ओढून नेली होती. मातीत टायरच्या खुणा होत्या, आंधळ्यालाही दिसल्या असत्या. पण शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यानं लिहिलं, "पाण्याखालचं ज्याला माहीत, त्यालाच इचारा." त्यावर अठरा जणांनी अंगठे दिले. त्यातल्या निम्म्यांची पोरं माझ्याकडून गणित शिकून गेलीत.

कुणी मला काही विचारलं नाही. निरोप बंद झाले. मी पाण्यात उतरलो की काठावर कुणीतरी येऊन उगाच उभं राहायचं, मी बाहेर पडेपर्यंत. बायको म्हणाली, "सोडा आता ते पवणं, नाव खराब व्हतंय." मी म्हटलं, सोडलं तर ते म्हणतील, बघा, चोर घाबरला. त्या दिवसापासून पोहण्यातली मजाच गेली. हट्टानं जायचो.

मे महिन्यात तोच आला. मी काठावर शर्ट काढत होतो. त्याच्या खांद्यावर दोरी.

"नवी केबल वरूनच टाकली, तर आता जाळी तुंबलीय. टोमॅटोचं फळ फुगवणीवर हाय आन्‌ दोन दिवस झालं पाणी न्हाई."

"मग?"

"उतर की जरा."

"केबल कुणी नेली, कळलं का?"

"सोड ना राव. लोकं काय, बोलत्यात."

"लोकं नाही. तू लिहिलंस."

"तुझं नाव कुठं घेतलं मी?"

"माझ्याशिवाय खाली जातं कोण?"

त्यानं दोरी पुढं केली. मी ती घेतली. त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसला. पण मी ती कमरेला बांधली नाही. एक टोक परत त्याच्यापुढं धरलं.

"तू बांध. तू उतर. काळ्या खडकाच्या डाव्या अंगाला आहे. बटण तुझं तू बंद करून ये. खाली वाकायचं, मुळं उपटायची. दुसरं टोक मी धरतो."

"मला पवता येत न्हाई, तुला म्हाईत हाय."

"म्हणून तर दोरी."

पाण्याला भ्याला असता, तर मी समजून घेतलं असतं. पण तो पाण्याकडं बघतच नव्हता. माझ्या हाताकडं बघत होता. सहा वर्षं मी तळाशी असायचो आणि दोरी त्याच्या हातात, बटण त्याच्या हातात. माझ्या मनात कधी शंका आली नाही. आणि याला घटकाभर माझ्या हातात टोक देववेना.

"न्हाई जमायचं," म्हणाला. दोरी माझ्या हातातून काढून घेतली, नीट गुंडाळली आणि बांधावरून निघून गेला. मंचरहून कुणाला तरी आणतो, असं जाता जाता पुटपुटला.

मी पाण्यात उतरलो. काळ्या खडकापाशी बुडी मारली, तर जाळी हाताला लागली. दोन मुठी मुळं होती, एका हिसक्यात निघाली असती. तशीच ठेवली आणि पुढं पोहत गेलो.