पांढऱ्या बटणाच्या दहा रेघा

दिनकरराव मान्यांच्या घरातली इस्त्री रोज तापत असे, पण तिने सदरा इस्त्री झालेला मी कधी पाहिला नाही. दोन विटांच्या मध्ये ती उलटी, तोंड वर करून बसवलेली असे. त्या तापलेल्या पत्र्यावर ते खाऱ्या पाण्याच्या काचटाकीवरच्या दिव्याची ॲल्युमिनियमची पाटी ठेवत आणि कथील वितळले की चिमट्याने नको असलेले बारीक दिवे एकेक उचलून घेत. स्वतः मात्र चुरगळलेल्या सदऱ्यात बडोद्याच्या मांजलपूरभर फिरत. सुमनवहिनी म्हणत, "ह्यांच्या खाऱ्या पाण्याला सूर्य मिळतो, माझ्या साडीला इस्त्री मिळत नाही."

दिनकररावांनी नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात मापनयंत्रे दुरुस्त करण्यात आयुष्य घालवले होते. मी अर्जलेखक आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलावरून गेलेला मसुदा त्रुटी काढून परत आला, असे क्वचितच घडले आहे. आमची इमारत एकच. पहिली गाठ मात्र टेबलाशीच पडली. त्या टाकीत प्रवाळ पाळण्यापूर्वी त्यांना त्याचे कागद तपासून हवे होते. आपल्या समुद्रातले प्रवाळ घरी बाळगणे गुन्हा आहे. त्यांचे प्रवाळ परदेशात टाकीतच वाढवलेले आणि रीतसर आणलेले होते. कागद मी दोनदा वाचले आणि निर्दोष ठरवले. तेव्हापासून ते मला कधी "साहेब" म्हणत, कधी थट्टेने "मुनशी".

प्रवाळ म्हणजे दगड, असा माझा समज होता. तो त्यांनी पहिल्याच भेटीत दूर केला. तो जिवंत प्राणी; त्याच्या अंगात अतिसूक्ष्म वनस्पती राहतात, त्या उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यावर तो जगतो. उजेड कमी पडला तर उपाशी राहतो. एकदम वाढला तर त्या वनस्पतींना बाहेर घालवतो आणि पांढरा पडतो. प्रवाळासाठी बनवलेले भारी दिवे निवृत्त माणसाच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून दिनकररावांनी बाजारातला सर्वांत स्वस्त दिवा आणला आणि तो उघडला. त्यातले लाल व हिरवे दिवे काढून निळे व जांभळे बसवले, उजेड एकाच जागी पडू नये म्हणून भिंगे काढून टाकली, खडखडणारा पंखा बदलला. एक दिवा गेला की अख्खी रांग विझे. मग तारेचा तुकडा घेऊन ते प्रत्येक दिव्याला स्पर्श करत दोषी शोधत. मी म्हणालो, "नवाच घ्या की." त्यावर ते म्हणाले, "स्वस्त वस्तू वाईट नसते हो मुनशी. ती अर्धी केलेली असते. उरलेली आपण करायची."

तरीही प्रवाळाच्या आधीच्या दोन वसाहती मेल्या होत्या. तिसरी सदऱ्याच्या दोन गुंड्यांएवढी आणली आणि सहा वर्षांत ती तळहाताहून मोठी झाली. हिरवी कडा, मध्ये केशरी ठिपका. दिव्यात नवीन पाटी बसवली तेव्हा त्यांनी पांढरा उजेड कमी-जास्त करणाऱ्या गोल बटणाभोवती वहिनींच्या नखांच्या रंगाने दहा रेघा ओढल्या. महिन्याला एक रेघ वाढवायची, त्याहून अधिक नाही. मी घाई केली की ते बडोद्याच्या सवयीने गुजरातीत म्हणत, "शांतीथी, साहेब, शांतीथी." सावकाश, हा शब्द त्यांना मराठीत पुरेसा सावकाश वाटत नसावा.

बटण तिसऱ्या रेघेवर असताना त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया ठरली. वहिनी रुग्णालयात राहणार होत्या. जाताना दिनकररावांनी किल्ली माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "पाणी भरा, खाणं टाका. पांढऱ्या बटणाला हात लावू नका. परत आलो की डॉक्टर मला जिना उतरू देणार नाहीत. बघायला माझ्यापाशी हेच आहे."

दोन आठवडे मी सूचना तंतोतंत पाळल्या. मग सोसायटीचे चेअरमन विचारपूस करायला माझ्याकडे आले. मी त्यांना अभिमानाने टाकी दाखवायला नेले. त्यांनी काचेला नाक लावले आणि म्हणाले, "भाई, आमां तो कंई देखातुं नथी! आनुं आटलुं बधुं?" काही दिसतच नाही, आणि याचे एवढे कौतुक? मला ते लागले. दिनकरराव चार दिवसांनी येणार होते. घरी येताच त्यांना वसाहत झळाळताना दिसावी, असे मला वाटले. अर्जातही मी हेच करत आलो होतो: जिथे एक विशेषण पुरेल तिथे तीन घालावीत, म्हणजे वाचणाऱ्याच्या नजरेत भरते. मी बटण आठव्या रेघेवर नेले.

पहिल्या दिवशी टाकी खरोखर उजळली. दुसऱ्या दिवशी वसाहतीने अंग आक्रसून घेतले. चौथ्या दिवशी सकाळी तिचा मधला भाग खडूसारखा दिसत होता.

वीज कमी-जास्त झाल्यामुळे हे घडले, असे लिहिणे मला अवघड नव्हते. अशा आशयाची कितीतरी निवेदने मी लोकांना लिहून दिली आहेत. तसा एक मसुदा केलाही, आणि फाडला. मग आयुष्यात प्रथमच मी माझा स्वतःचा अर्ज लिहिला. विषय: पांढऱ्या बटणास हात लावल्याबाबत. तीन पाने झाली. दुपारी दिनकरराव वहिनींचा हात धरून आत आले आणि टाकीपुढच्या खुर्चीत बसले. मी अर्ज पुढे केला.

"हे काय? तोंड नाही का तुम्हाला, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या.

"वाचू दे," दिनकरराव म्हणाले.

त्यांनी तिन्ही पाने वाचली. जन्मभर वरिष्ठांचे शेरे झेललेल्या त्या माणसाने पेन मागितले आणि समासात शेरा लिहिला: "चूक एक आहे, ती पहिल्या ओळीत आली. पुढे उजेड जास्त झाला आहे. बटण दुसऱ्या रेघेवर आणावे. दर रविवारी हजर राहावे." तो कागद माझ्याजवळ आहे.

मी दर रविवारी हजर राहिलो. ते खुर्चीतून सांगत, मी पाणी बदलत असे. मध्येच ते विचारत, "आज कचेरीत किती पाने लिहिलीत?" मी आकडा सांगितला की म्हणत, "रेघ उतरवा." माझे अर्ज खरोखर आखूड होऊ लागले. दोन महिन्यांनी वसाहतीच्या कडेला हिरवी रेषा दिसली. ती प्रथम वहिनींनी पाहिली. दिनकररावांनी खुर्ची पुढे सरकवून खात्री केली आणि एवढेच म्हणाले, "आहे." मधला भाग मात्र पांढराच राहिला.

बटण पाचव्या रेघेवर असताना, एका दुपारी त्याच खुर्चीत ते गेले.

तेराव्यानंतरच्या रविवारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, आज महिना भरतो. ह्यांच्या वहीत पुढची रेघ लिहिलेली आहे. सहा. त्याच्यापुढं काही नाही."

मी गेलो. विटांवर इस्त्री अजून उलटीच होती. टाकीतल्या पांढऱ्या भागात, अगदी मधोमध, मोहरीएवढा एक केशरी ठिपका आला होता. वहिनींनी तो पाहिला होता की नाही, मी विचारले नाही. दिनकररावांची खुर्ची मात्र त्यांनी त्या ठिपक्यासमोर आणून ठेवली होती. मी बटण सहाव्या रेघेवर आणले आणि हात मागे घेतला.