सव्वासातची हजेरी

मामींशी खोटं बोलायची सोय नव्हती, कारण त्या तुमचं तोंड बघतच नसत. नुसता आवाज ऐकत. सकाळी सव्वासातला वायरलेसवर तुम्ही "गुड मॉर्निंग मामीजी, सब बढ़िया" म्हणालात की पलीकडून यायचं, "रात को सोए नहीं क्या?" तेही सगळं ग्वाल्हेर ऐकत असताना. म्हणजे ज्यांच्याकडे सेट आहेत तेवढं ग्वाल्हेर. एकदा मी नोकरीवर भांडून राजीनामा देऊन आलो होतो आणि घरी चकार शब्द काढला नव्हता. मामींनी माझं "हाजिर" ऐकलं आणि सरळ मराठीत विचारलं, "काय रे, ऑफिसात काही लफडं झालं का?" चहा गाळत असलेली माझी बायको गाळणं हातात धरून तशीच उभी राहिली. पुढचं सांगत नाही.

आमचा हौशी रेडिओवाल्यांचा क्लब आहे. परीक्षा देऊन सरकारी परवाना काढायचा, घरात सेट ठेवायचा, गच्चीवर अँटेना उभी करायची आणि घरच्यांची बोलणी खायची, असा हा नाद. रोज सकाळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळे जमतात, त्याला आम्ही नेट म्हणतो. उद्या पूर आला, फोन बंद पडले, तर कोणाचा सेट चालू आहे आणि कोण मदतीला येऊ शकतं हे कळावं म्हणून हजेरी घ्यायची पद्धत. ती हजेरी मामी घेत. माधवगंजात राहायच्या, मुलींच्या शाळेत मास्तरीण होत्या, आणि निवृत्त झाल्यावर वर्गाऐवजी आम्ही त्यांच्या तावडीत सापडलो. क्लबातले तोमर, श्रीवास्तव, कुशवाह सगळे त्यांना मामीजीच म्हणत. खरं आडनाव जाधव. सासरचे लोक दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले, त्याचा त्यांना अभिमान होता, पण स्वतःचा अभिमान वेगळा होता. परवान्याची परीक्षा नवराबायकोनं बरोबर दिली होती, आणि मोर्सच्या कडकट्ट संकेतांत मामा नापास, मामी पास. "दुसऱ्या वेळेला झाले हो ते पण पास," असं त्या लगेच जोडायच्या. मामा गेल्यावरही जोडायच्या.

हजेरीत कोणी उत्तर दिलं नाही तर मामी तीनदा पुकारत. मग नेट संपल्यावर फोन करत. फोन उचलला नाही तर शेजाऱ्यांना करत. शेजाऱ्यांनीही नाही उचलला तर मला करत, कारण माझ्याकडे स्कूटर होती आणि मी मराठी होतो, म्हणजे नाही म्हणायची पंचाईत. जानेवारीतल्या एका सकाळी, समोरचा माणूस दिसत नाही असल्या धुक्यात, त्यांनी मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला पिटाळलं. श्रीवास्तवजी उत्तर देत नव्हते. मी कुडकुडत पोचलो तर हे गृहस्थ कोपऱ्यावरच्या हलवायाकडे उभं राहून कचोरी खात होते. साखर वाढलेली, घरात तळलेलं बंद, म्हणून बायको उठायच्या आत निघाले होते. मी संतापून मामींना फोन केला. म्हटलं, "मामी, तुमचे श्रीवास्तवजी ठणठणीत आहेत, फक्त बेशरम आहेत."

"आहेत ना? झालं तर मग," त्या म्हणाल्या. "तू पण खा एक. थंडीत गेलास."

मी दोन खाल्ल्या. पण मनात आलं ते आलंच, की एकविसाव्या शतकात ही काय पद्धत झाली? माणूस हजर आहे की नाही हे बघायला स्कूटर पाठवायची?

मी कॉम्प्युटरचा माणूस. क्लबानं वर्गणी काढून नवा डिजिटल रिपीटर, म्हणजे सगळ्यांचे सिग्नल उचलून पुढे पाठवणारं यंत्र, बसवला तेव्हा सगळ्यांत जास्त मीच नाचलो. प्रत्येकाच्या घरी काडेपेटीएवढा एक डबा बसवला, हॉटस्पॉट. तो इंटरनेटला जोडला की क्लबाच्या वेबपानावर तुमच्या नावापुढे हिरवा दिवा लागतो. खरखर नाही, तुटक आवाज नाही, काचेसारखं स्वच्छ. मग मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. सव्वासात वाजले की तो हिरवे दिवे बघणार, हजर माणसांची यादी करणार आणि ग्रुपवर टाकणार. कोणी उठायला नको, कोणी पुकारायला नको. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. श्रीवास्तवजींनी तर उभं राहून वाजवल्या.

मी मामींकडे बघितलं. मला वाटलं होतं रुसतील. त्या म्हणाल्या, "छान केलंस रे. मला पण सकाळी पूजेला वेळ मिळेल." आणि खरोखर छानच म्हणाल्या, टोमणा नव्हता. नवीन गोष्टीला घाबरणारी बाई नव्हतीच ती. उपग्रहावरून बोलायचं सॉफ्टवेअर क्लबात सर्वांत आधी त्यांनी चालवलं. कॉम्प्युटर दुबळे सिग्नल पकडून परस्पर जपानशी, ब्राझीलशी निरोपांची देवघेव करतो, ते नवे प्रकार माझ्याकडून शिकून मलाच चुका दाखवायला लागल्या. फक्त एकदा, स्क्रीनवर नावं सरकत असताना म्हणाल्या, "इतक्या लोकांशी झालं आज, पण सर्दी कोणाला झाली होती ते नाही कळलं." मी हसलो. त्या पण हसल्या. मग त्यांनी मला पोहे दिले आणि विषय संपला.

आवाजाचा नेट आम्ही रविवारपुरता ठेवला. मग रविवारी कोणाचं लग्न, कोणाची मॅच. तोही आटला. ठरवून बंद नाही केला कोणी, आणि हेच मला जास्त छळतं. ठरवला असता तर कोणीतरी विरोध केला असता.

त्या थंडीत मामींची कामवाली गावी गेली होती. पहाटे मामी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, उठता येईना, मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. सव्वासातला माझ्या प्रोग्रामनं यादी टाकली. त्यात मामी हजर. डबा चालू होता, इंटरनेट चालू होतं, दिवा हिरवा. मी यादीवर अंगठा दाखवला, रोज दाखवायचो तसा. तो दिवस गेला, रात्र गेली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा यादी आली, पुन्हा मामी हजर, पुन्हा माझा अंगठा. मधल्या रात्री माधवगंजातली लाइटसुद्धा गेली होती. पण इन्व्हर्टर होता, त्यामुळे डबा चालूच राहिला. तो इन्व्हर्टरही मीच जोडून दिला होता, दिवा विझू नये म्हणून.

दुपारी कामवाली गावाहून आली, दार वाजवून वाजवून थकली, शेजाऱ्यांनी कडी तोडली.

दवाखान्यात त्यांची मुलगी जबलपूरहून येईपर्यंत मी बसलो होतो. थंडीत फरशीवर पडून राहिल्यानं छातीत कफ झाला होता. मी म्हटलं, "मामी, मला माफ करा. पानावर तुमचा दिवा हिरवा दिसत होता."

"हो का?" त्या म्हणाल्या. "म्हणजे हजेरी लागली माझी." आणि हसायला गेल्या तर खोकला आला. मी पाणी दिलं. मग छताकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पडल्यावर मी अजिबात घाबरले नाही रे. म्हटलं, सव्वासात वाजू दे. मी हजेरी घ्यायला आले नाही की मलाच तीनदा पुकारतील, मी बोलणार नाही, मग तू येशील स्कूटर घेऊन. पडूनच वाट बघत होते. ऊन वर आलं तेव्हा आठवलं, आपण आता पुकारत नाही."

त्यात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. उलट माझा चेहरा बघून त्याच म्हणाल्या, "जाने दे. तू पण काय करणार होतास? दिवा तर हिरवाच होता ना."

हाड जोडायचं ऑपरेशन होईपर्यंत त्या टिकल्याच नाहीत, छातीनंच नेलं. लष्कर भागातल्या, मुरारमधल्या सगळ्या मंडळींनी खांदा दिला. श्रीवास्तवजी लहान मुलासारखे रडत होते आणि मधेच मला धरून म्हणत होते, "ताली तो मैंने भी बजाई थी, भैया." लोक मला समजावतात की तुझी चूक काय, सगळ्या क्लबाचा निर्णय होता, वय झालं होतं, कोणाच्याही घरी घडलं असतं. सगळं खरं आहे. मी मान हलवतो. पण अपराधी वाटायला खऱ्याखोट्याचं काही पडलेलं नसतं. तो अंगठा माझ्याच फोनमधून गेला होता.

आता नेट पुन्हा आवाजावर चालतो. हजेरी मी घेतो. मला मामींसारखं आवाजातलं कळत नाही. सर्दी आणि उदासी मला सारखीच ऐकू येते, त्यामुळे चुकीच्या माणसांना काढा प्यायला सांगतो आणि सगळे हसतात. तीनदा मात्र पुकारतो.

गेल्या आठवड्यात तोमर साहेब बोलले नाहीत. निवृत्त बँकवाले, एकटे, किला गेटला राहतात. फोन बंद. मला कामावर जायला उशीर होत होता. महाराज बाड्याच्या चौकापर्यंत स्कूटर ऑफिसच्या दिशेनं नेलीसुद्धा, झोपले असतील म्हणत. मग वळवली. टेम्पोंच्या गर्दीतून रखडत पोचलो तर साहेब पायऱ्यांवर उन्हात पेपर वाचत बसलेले. सेटची वायर उंदरानं कुरतडली होती. मला बघून वैतागले.

"अरे, इतनी दूर इसके लिए आए? शाम को बता देता मैं."

मी म्हटलं, काही नाही, सहज आलो होतो. त्यांनी चहा केला. तो मी प्यायलो आणि मग ऑफिसात बोलणी खाल्ली. बरं वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. पण परत येताना सगळा वेळ डोक्यात एकच होतं. किला गेट माझ्या घरापासून खरंच लांब आहे. मामींचं घर पुढच्या गल्लीत होतं.