बोरिवलीची शांत गल्ली आणि पप्पांचा नमस्कार

रविवारी पप्पांना घेऊन बोरिवलीला भाड्याचं घर बघायला गेले. भांडुपच्या टेकडीवरचं आमचं घर मला आवडतं, पण खाली रस्त्यावर यायला शंभरेक पायऱ्या आहेत आणि पप्पांचे गुडघे आता ऐकत नाहीत. सहा महिने आम्ही लिफ्टवालं, शांत वस्तीतलं घर शोधतोय.

तुम्हीही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. लिंक रोडला बस रखडते, दीड तास धरूनच चाला. आम्हाला बसायला मिळालं. मालाडला एक एजंट आडनाव कळल्यावर फोन उचलेनासा झाला होता, ते माझ्या डोक्यात होतं. हायवेला लागल्यावर मी हळूच म्हटलं, "पप्पा, तिथं कुणाला जय भीम घालू नका हं. उगाच कशाला."

मी बोलायला लागले तेव्हा पप्पांनीच मला जय भीम म्हणायला शिकवलं होतं. ते "बरं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

स्टेशनजवळ उडप्याकडे इडली खाल्ली, दोघांचं दोनशेच्या आत झालं. तिथून रिक्षाने दहा मिनिटं. नॅशनल पार्कच्या बाजूची गल्ली. दुपारी बाराला कुणाच्या तरी कुकरची शिट्टी रस्त्यावर ऐकू येते, इतकी शांत. बागेत झोपाळे, आजोबा लोकांचा पत्त्यांचा डाव. पप्पा तिथंच रमले.

घरमालकीणबाई गेटपाशी आमची वाट बघत होत्या. तेवढ्यात वॉचमन खुर्चीतून उठला. पन्नाशीचा असेल. हसून म्हणाला, "जय भीम, काका! भांडुपच्या विहारात बघितलंय तुम्हाला."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाले, "नमस्कार."

वॉचमनचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "सॉरी हां," तो म्हणाला, "ओळखीचे वाटलात."

बाईंनी घर दाखवलं. पाणी दोन वेळा, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. त्यांनी एकच विचारलं, "काका, पहाटे फिरायला जाता का? आमच्या ह्यांना जोडीदार हवाय." बाकी काहीच नाही. मी मात्र त्यांच्या वतीने सगळं आधीच ठरवून टाकलं होतं.

निघताना मी मोबाइलमध्ये बघत गेट ओलांडलं. वॉचमनकडे मान वर करून बघायची माझी हिंमत झाली नाही.

घरी पोचल्यावर पायऱ्या चढताना पप्पा मध्येच टेकले. मी शेजारी बसले.

"पप्पा, चुकलं माझं. मी तसं सांगायला नको होतं."

"तू सांगितलंस म्हणून नाही गं," ते म्हणाले. "ती बाग बघितली ना, मला घर हवंसं वाटलं. म्हणून जीभ आवरली मी."

मला ते ऐकवेना. आयुष्यात कुणापुढे मान न झुकवलेल्या माणसाला मी एका झोपाळ्यांच्या बागेपायी जीभ आवरायला लावली होती.

संध्याकाळी बाईंचा मेसेज आला: घर तुमचंच समजा. गल्ली खरंच चांगली आहे, म्हाताऱ्या माणसांना घेऊन राहायला अगदी योग्य. पण त्या गेटमधून रोज ये-जा करायची. मी पप्पांना विचारलं, काय कळवू?

"हो म्हण. पण सामान हलवायच्या आधी मी एकदा जाऊन त्या माणसाला भेटतो."

"मी येते सोबत."

"नको," पप्पा म्हणाले. "तू असलीस की मी तुझ्याकडे बघतो."